रात्री अडीचची प्रार्थना : एका मंडळीतील चिंतेचे प्रकरण

(ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. संबंधित कुटुंबाने मजकूर वाचून संमती दिली आहे.)

पार्श्वभूमी

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावची ही चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची मंडळी, म्हणजे एका चर्चचा ख्रिस्ती समाज. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे उघडले, त्या कामाच्या पसाऱ्यातून उभी राहिलेली. रविवारी सकाळची उपासना, बुधवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा, शुक्रवारी बायकांची सभा. शिवाय मोबाईलवर 'प्रार्थना साखळी' नावाचा गट.

बाई ५९ वर्षांच्या, प्राथमिक शाळेतून निवृत्त. सगळा गाव त्यांना बाईच म्हणतो, म्हणून इथेही तेच. यजमान, म्हणजे सर, ६४ वर्षांचे. फेब्रुवारीत सरांना हृदयविकाराचा झटका आला आणि हृदयाच्या रक्तवाहिनीत दोन स्टेंट (ती उघडी ठेवणाऱ्या बारीक जाळ्या) बसले. तब्येत चांगली सुधारली. एप्रिलमध्ये ते सकाळी अर्धा तास चालायला लागले होते. बाईंना मधुमेह, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू. मुलगी पिंपरीला, नोकरी आणि लहान मूल.

बाई मंडळीचा कणा म्हणाव्यात अशा. रविवारशाळा, बायकांची सभा, आजाऱ्यांच्या भेटी. लोक प्रार्थना मागायला त्यांच्याकडे यायचे, आणि त्यांची अडचण उशिरा लक्षात आली याचे निम्मे कारण तेच.

अडचण

सर घरी आल्यावर बाई रात्री उठून त्यांच्या नाकापुढे हात धरून श्वास बघू लागल्या. आधी एकदा, मग दर वीस-पंचवीस मिनिटांनी. पहाटे अडीचच्या सुमारास त्या स्वयंपाकघरात जाऊन प्रार्थनेला बसत. तास, कधी दीड तास. मे महिन्यात त्यांची झोप जेमतेम तीन-चार तासांवर आली. छातीत धडधड, हातांना कंप, जेवण अर्धे.

बाहेरून पाहणाऱ्याला यात केवळ भक्ती दिसेल. पण मंडळीच्या पाळकांनी (धर्मगुरूंनी) पुढे त्यांना विचारले, "बाई, त्या तासाभरात तुम्ही नेमकं काय म्हणता?" तेव्हा उलगडा झाला. एक मागणी : सरांना काही होऊ देऊ नको. ती म्हणताच काय काय होऊ शकेल याची चित्रे डोळ्यांपुढे येत. ती पुसायला पुन्हा तीच मागणी. मनाला शांत वाटले की देवाने ऐकले, असे त्यांनी धरले होते. वाटले नाही तर पहिल्यापासून सुरुवात. अशी प्रार्थना संपतच नाही, कारण ती संपवायची खूण माणसाच्या नाडीच्या ठोक्यांवर सोडलेली असते.

दुसरी गोष्ट वचनांच्या डबीची. अनेक ख्रिस्ती घरांत असते तशी प्लॅस्टिकची डबी, आत बायबलमधली वचने छापलेल्या चिठ्ठ्या. बाई रोज एक काढत. आता मनासारखे वचन निघेपर्यंत काढू लागल्या. न्यायाचे किंवा शिक्षेचे वचन आले की तो इशारा वाटे आणि ते पुसण्यासाठी आणखी चिठ्ठ्या निघत. डबीच्या तळाशी दुमडून मऊ पडलेल्या चिठ्ठ्या मुलीने पाहिल्या आणि तिनेच पाळकांना फोन केला.

तिसरी, मोबाईलवरची साखळी. बाई रात्री-अपरात्री 'सरांसाठी प्रार्थना करा' असे टाकत. पाच-सहा जणांचे 'आमेन' येत, दहा-पंधरा मिनिटे बरे वाटे, मग पुन्हा तीच हुरहुर. या घटकाभराच्या दिलाशानेच रोग वाढतो : मन शिकते की भीती वाटली की दिलासा मागायचा, आणि पुढच्या वेळी तो अधिक लवकर मागते. जूनमध्ये गटात कुजबूज सुरू झाली. "एवढ्या प्रार्थना करूनही बाईंचा विश्वास कमी पडतोय का?"

पहिली भेट, आणि ती का फसली

मे अखेरीस पाळक घरी गेले. बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रातले ४:६ हे वचन वाचले, चिंता करू नका हा उपदेश सांगितला, प्रार्थना केली, चहा घेतला, निघाले. वीस मिनिटांची भेट. बाईंनी त्या दिवसापासून चिंतेला पाप समजायला सुरुवात केली. सरांची काळजी होतीच, वर आपण देवाची आज्ञा मोडतो ही दुसरी काळजी.

वचन चुकीचे नव्हते, तोडून वाचले होते. त्याच्या आधीच्याच ओळीत प्रभू समीप आहे असे पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो, आणि पुढचा सगळा उपदेश त्यावर उभा आहे. शिवाय हा मनुष्य ते तुरुंगातून लिहितो आहे. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (११:२८) आपल्याला सर्व मंडळ्यांची चिंता रोज असते असे तोच सांगतो. चिंता वाटणे आणि चिंतेच्या हाती कारभार देणे यांत फरक आहे. घाईच्या भेटीत तो सांगायला वेळ नसतो.

समोरचे पर्याय

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाळक, बायकांच्या सभेच्या अध्यक्षा आणि मंडळीतल्या एक निवृत्त परिचारिका, असे तिघे बसले. बाईंना विचारूनच.

शहरातल्या एका सभेला नेऊन हात ठेवून प्रार्थना करून घ्यावी, असा नातेवाइकांचा आग्रह होता. आजाऱ्यासाठी प्रार्थना, तेल लावणे (याकोब ५:१४) याला कुणाची ना नव्हती. पण त्या सभेत गोळ्या सोडायला सांगतात हे ठाऊक होते. बाईंची साखर आणि सरांच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, दोन्ही पणाला लागल्या असत्या. स्टेंटनंतर त्या गोळ्या मनाने बंद केल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन जीव जाऊ शकतो. हा पर्याय तिघांनी लगेच बाजूला ठेवला आणि नातेवाइकांना कारणही स्पष्ट सांगितले.

दुसरा पर्याय, फक्त मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवणे. वैद्यकीय दृष्ट्या बरोबर, पण त्यात एक खोच होती. बाईंनी त्याचा अर्थ 'मंडळीने मला सोडले' असा घेतला असता आणि रात्रीची प्रार्थना तशीच चालू राहिली असती. डॉक्टर ती प्रार्थना मोडा म्हणणार नाहीत, आणि कशी बदलावी हे सांगणे त्यांचे काम नव्हे.

तिसरा, बायकांच्या सभेचा तीन दिवसांचा उपास. इथे निर्णय चुकला. अध्यक्षांना तो हवा होता, बाईंनाही. परिचारिकाबाईंनी साखरेचा मुद्दा काढला, पण "फक्त दुपारपर्यंत" अशा तडजोडीवर सगळे गप्प बसले.

उपासाचा दुसरा दिवस

बाईंनी दुपारपर्यंतचा उपास परस्पर संध्याकाळपर्यंत नेला. सकाळची ग्लिमेपिराइड मात्र सवयीने घेतली. दुपारी साडेतीनला सभेत त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणे अडखळले. बायकांना वाटले चिंतेचा झटका. त्या भोवती उभ्या राहून मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. परिचारिकाबाई पाच मिनिटांनी पोहोचल्या. यंत्रावर साखर ५८.

तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली, साधारण १५ ग्रॅम. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, ७४. लगेच पोळी-भाजी खायला लावली, कारण ग्लिमेपिराइडचा परिणाम तासन्‌तास राहतो आणि नुसत्या साखरेवर सोडले तर ती पुन्हा उतरते. रात्री आणखी दोनदा मोजली. शुद्ध हरपलेली असती तर तोंडात काही घालायचे नव्हते, सरळ १०८ लावायचा होता.

साखर उतरल्याची लक्षणे आणि घबराटीच्या झटक्याची लक्षणे जवळजवळ सारखी : घाम, कंप, धडधड, भीती. मधुमेह असलेल्या माणसाला असे झाले तर आधी साखर मोजायची, यंत्र नसेल तर साखर द्यायची, प्रार्थना त्याच्या जोडीने. बायबलमधला संदेष्टा एलिया झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवदूताने आधी भाकर आणि पाणी दिले, दोनदा झोपू दिले. देव त्याच्याशी बोलला तो त्यानंतर (१ राजे १९). हा उतारा बायकांच्या सभेत पुढच्याच शुक्रवारी वाचला गेला आणि त्या उपासाविषयी आरोप-प्रत्यारोप न होता चर्चा झाली.

काय केले

*डॉक्टर.* जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मुलीबरोबर बाई मानसोपचारतज्ज्ञांकडे गेल्या. सात प्रश्नांच्या नेहमीच्या चाचणीत २१ पैकी १६, म्हणजे तीव्र चिंता. थायरॉईडची तपासणी ठीक. चिंतेवरची एस्सिटालोप्रॅम ही गोळी ५ मिलिग्रॅमने सुरू, आठवड्याने १०. उपासाची हकिकत सांगितल्यावर मधुमेहाच्या डॉक्टरांनी ग्लिमेपिराइडचा डोस कमी केला.

पहिल्या आठ-दहा दिवसांत बेचैनी उलट वाढली. या गोळ्यांनी असे होऊ शकते. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. हे आधी कुणी नीट सांगितले नव्हते, त्यामुळे नातेवाइकांनी "बघा, देवाला हे मान्य नाही" असा अर्थ काढला. बाई पाचव्या दिवशी गोळी सोडणार होत्या. मुलीने डॉक्टरांना फोन लावून दिला म्हणून थांबल्या. रविवार असता किंवा डॉक्टर भेटले नसते तर १४४१६ ही शासनाची मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस फोनसेवा होती. तो आकडा आता मंडळीच्या पत्रकावर कायम छापतात.

*घरची उपासना.* पाळकांनी बाईंना प्रार्थना कमी करा असे म्हटले नाही, तिला वेळ आणि कड घालून दिली. रात्री साडेआठ, जेवणानंतर, झोपायच्या बरेच आधी. जागा स्वयंपाकघर नव्हे, बाहेरची खोली. सर बरोबर. एकूण बारा-पंधरा मिनिटे, घड्याळ समोर.

आधी एक गीत, दोनच कडवी, संथ. 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातली नारायण वामन टिळकांची भजने बाईंना लहानपणापासून पाठ. भजनाची बांधणी इथे कामाला येते : ध्रुपद फिरून फिरून येते, पुस्तक लागत नाही, आणि लांब ओळ गाताना श्वास आपोआप सावकाश सुटतो. धडधड असलेल्या माणसाला 'दीर्घ श्वास घ्या' सांगितले तर तो छाती फुगवून आणखी घाबरतो. गायला लावले तर श्वास सोडण्याकडे लक्ष न देताच सुटतो.

मग बायबलमधले एक स्तोत्र, आळीपाळीने, मोठ्याने. निवड विचारपूर्वक होती. बाई रोज ९१ वे वाचत आणि त्यातली संरक्षणाची वचने हमीपत्रासारखी धरत. मत्तय ४ मध्ये सैतान येशूपुढे नेमके हेच स्तोत्र ठेवतो आणि येशू ते हमीपत्र म्हणून वापरायला नकार देतो. हे दाखवल्यावर बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांना ९१ वे सोडायला सांगितले नाही, काही आठवडे बाजूला ठेवायला सांगितले. पहिला आठवडा १३ वे : सहा ओव्या, सुरुवातीला चार वेळा 'कोठवर', मधे मागणी, शेवटी भरवसा. मग ४२, ६२, १२१, आणि तीन ओव्यांचे १३१. एका संध्याकाळी ८८ वे वाचले, जे अंधारातच संपते. शांत वाटल्याशिवाय प्रार्थना पूर्ण होत नाही हा बाईंचा समज त्या एका स्तोत्राने जितका हलला तितका कुठल्याही समजावण्याने हलला नसता.

त्यानंतर वही. दुरेघी, पानावर उभी रेघ. डावीकडे 'आज माझ्या हाती', उजवीकडे 'देवाच्या हाती'. डावीकडे सरांच्या गोळ्यांच्या वेळा, तपासणीची तारीख, छातीत दाब, डाव्या हाताला कळ किंवा घाम आला तर १०८. उजवीकडे एकच वाक्य. ते एकदा वाचायचे, दुसऱ्यांदा नाही. आभाराच्या तीन गोष्टी, पण त्या दिवसाच्या. 'आरोग्याबद्दल आभार' चालत नव्हते, 'सर आज मारुतीच्या पारापर्यंत चालले' चालत होते. शेवटी प्रभूची प्रार्थना दोघांनी मिळून आणि आमेन. आमेननंतर त्या विषयावर बोलायचे नाही, हा नियम सरांनी सुचवला.

*रात्र.* हृदयाच्या डॉक्टरांना बाईंच्या समोरच विचारले की रात्री श्वास बघण्याचा उपयोग आहे का. नाही, म्हणाले. मग मानसोपचारतज्ज्ञांनी तपासणी टप्प्याटप्प्याने कमी करायला सांगितली : आठवडाभर फक्त तीनदा, मग दोनदा, मग झोपताना एकदा. मधे जाग आली तर स्वयंपाकघरात जायचे नाही. पडल्या पडल्या १३१ व्या स्तोत्राची पहिली ओवी एकदा म्हणायची आणि हुरहुर असेल तर असू द्यायची. हेच सगळ्यांत अवघड गेले. पहिल्या आठवड्यात बाई स्तोत्र मोजून वीस-वीस वेळा म्हणू लागल्या, म्हणजे जुन्याच सवयीला नवे कपडे. म्हणून 'एकदा' हा शब्द वहीत लाल शाईने लिहिला गेला.

*मंडळी.* साखळी रात्री दहा ते सकाळी सहा बंद, सर्वांसाठी, म्हणजे बाईंकडे बोट नको. त्यांच्यासाठी एकच सोबतीण, परिचारिकाबाई. दिवसातून एक फोन. "सरांना काही होणार नाही" असे कबूल करायचे नाही, कारण ते कुणाच्याच हातात नाही. म्हणायचे ते इतकेच : "भीती वाटतेय, कळतंय मला. आज जेवलात का? साडेआठला बसणार ना?"

मेपासून बाई चर्चला येणे टाळत होत्या. पुढच्या बाकावर धडधड सुरू झाली की उठता येत नाही, सगळे बघतात. त्यांना मागच्या दाराजवळचा बाक दिला आणि हवे तेव्हा व्हरांड्यात जायची मोकळीक. जुलैत त्या दोनदा बाहेर गेल्या, ऑगस्टमध्ये एकदाही नाही. छापील उपासनाक्रमाचा इथे मोठा आधार झाला : पापकबुली, शास्त्रपाठ, मध्यस्थीची प्रार्थना, सगळ्याला सुरुवात आणि शेवट, आणि स्वतःचे शब्द सुचत नसताना सर्वांबरोबर म्हणायला शब्द तयार.

ऑगस्टमध्ये काहींनी बाईंना साक्ष द्यायला सांगितले. पाळकांनी थांबवले. उभे राहून 'देवाने मला मुक्त केले' म्हटले आणि महिन्याने पुन्हा रात्र जागून काढली, तर ते कबूल करायला तोंड उरत नाही. साक्षीऐवजी त्यांना शास्त्रपाठ दिला. काही जण नाराज झाले. तो निर्णय बरोबर होता असेच आमचे मत.

निष्पत्ती

चाचणीतला आकडा १६ वरून ऑगस्टअखेर ११, नोव्हेंबरात ७. झोप सहा तासांच्या आसपास. रात्रीची तपासणी एकदाच, कधी तीही नाही. गोळ्या, साडेआठची उपासना आणि मागचा बाक यांतल्या कशाने किती गुण आला हे वेगळे काढता येणार नाही, आणि बाईंना त्याची गरजही वाटत नाही.

डिसेंबरात घसरण झाली. शेजारचे एक गृहस्थ झोपेतच गेले. चार रात्री बाई पुन्हा जागल्या. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत प्रत्येकाने नव्या वर्षाचे वचन चिठ्ठीतून काढायची प्रथा, आणि त्या धसक्यात त्यांना ती पुन्हा डबीसारखी वाटली. त्यांनी चिठ्ठी काढली नाही. या वेळी त्यांनी पाचव्या दिवशी स्वतः डॉक्टरांना आणि सोबतिणीला सांगितले. पहिल्या वेळी हेच कळायला सहा आठवडे गेले होते. आकडा १० पर्यंत चढून फेब्रुवारीत पुन्हा ७. गोळ्या चालू आहेत. बरे वाटू लागल्यावरही निदान सहा महिने ते वर्ष चालू ठेवून मग डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायच्या, असे ठरले आहे.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या भेटीत वचन देण्याआधी चार प्रश्न विचारायला हवे होते : झोप किती, जेवण कसे, औषधे कोणती, आणि प्रार्थनेत नेमके काय म्हणता. चौथा प्रश्न जूनमध्ये विचारला गेला, तो मेमध्ये विचारला असता तर उपासाचा घाट घातलाच गेला नसता. आत्महत्येचे विचार येतात का, हेही कुणी स्पष्ट विचारले नाही. डॉक्टरांनी विचारले. उत्तर नाही होते, पण मंडळीने ते गृहीत धरले होते.

मधुमेह, गर्भारपण, रक्तदाबाची औषधे असलेल्यांनी अन्नाचा उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, असा ठराव आता आहे. उपासाऐवजी मोबाईल बंद ठेवणे किंवा एका जेवणाचे पैसे दान देणे असे पर्याय सांगितले जातात. ठरावाला मते पडली, पण पाळण्यात ढिलाई आहे. चाळीस दिवसांच्या उपासकाळात दोन जणींनी तो मोडला.

वचनांच्या चिठ्ठ्यांबाबत अजून एकमत नाही. बहुतेकांना त्या निरुपद्रवी वाटतात, आणि बहुतेकांसाठी आहेतही.

आणि सर. आठ महिने सगळी योजना बाईंभोवती फिरली. झटका ज्यांना आला त्यांना कुणी विचारले नाही. मार्चमध्ये वहीत उजव्या बाजूला काय लिहायचे यावरून बोलणे निघाले, तेव्हा सर म्हणाले, "अहो, तुम्ही हात धरायचात तेव्हा मी जागाच असायचो. तुम्ही घाबराल म्हणून झोपेचं सोंग घ्यायचो." हृदयविकारानंतर रुग्णाला स्वतःला चिंता किंवा नैराश्य येणे सर्रास घडते, आणि हृदयाच्या तपासणीत त्याची विचारपूस वेगळी करावी लागते. सरांची चाचणी एप्रिलमध्ये झाली, आकडा १२ आला. त्यांची वही वेगळी आहे, आणि त्यांच्यासाठी सोबती शोधणे चालू आहे.